अडीच तासांचं पंचक

"मुदत असते गं प्रत्येकाला," असं म्हणून त्या डावं मनगट उलटं करत आणि घड्याळ बघत. ते घड्याळ भारताच्या वेळेवर होतं. कुवेतमध्ये वीसेक वर्षं काढूनही त्यांनी ते कधी मागे घेतलं नाही. ऑफिसला निघायची वेळ भिंतीवरच्या घड्याळावर आणि बाकीचं सगळं आयुष्य मनगटावर. सांगलीच्या बहिणीला फोन कधी लावायचा, एकादशी कधी सुटते, चंद्र रास कधी बदलतो, हे त्या मनगटाकडे बघून सांगत. पंचांग तिकडचं, म्हणून वेळही तिकडची.

फिंतासमधल्या आमच्या इमारतीत त्या सातव्या मजल्यावर राहत आणि आम्ही पाचव्या. एका बांधकाम कंपनीत त्या हिशेब बघायच्या. इमारतीतली आणि आजूबाजूची सगळी मराठी घरं त्यांना ताई म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. अशी एक ताई तुमच्याही ओळखीत असेल. तिच्याकडे सगळ्यांच्या मुलांच्या जन्मवेळा पाठ असतात आणि कुणाच्या घरी काय शिजलं आहे हे तिला जिन्यातच कळतं.

एक गोष्ट आधीच सांगते. ज्या बाईंबद्दल मी लिहिते आहे, त्यांच्यावर मी रागावलेली आहे. तो राग तीन वर्षं टिकला आहे आणि लिहितानाही कमी झालेला नाही. पुढे कुठे मी त्यांचं कौतुक केलं, तर राग गेला असं समजू नका.

ज्योतिष जाणणाऱ्याला लोक 'काय होईल' असं विचारतात, असा माझा समज होता. परदेशात राहणारी माणसं तसं विचारत नाहीत. ती 'कधीपर्यंत' असं विचारतात. ताईंना फक्त हाच प्रश्न येई. इथे आपल्या सगळ्यांचं राहणं परवान्यावर, म्हणजे इकाम्यावर. तो संपला की संपलं. त्यामुळे ताईंचं एक वाक्य सगळ्यांना लगेच पटायचं. "ग्रहांनाही इकामा असतो. मुदत संपली की तेही पुढच्या घरात जातात."

दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरमधला एक तरुण राहायचा. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तो तिसऱ्यांदा नापास झाला आणि तडक सातव्या मजल्यावर गेला.

"ताई, शनी आहे का माझ्यामागे?"

"शनी कशाला येतोय एवढ्यासाठी? चंद्र आहे. तो एका राशीत सव्वादोन दिवस. परवा दुपारनंतर जा."

"परवा शुक्रवार आहे. सुट्टी असते."

"मग चंद्राला कशाला बोल लावतोस? गाडी मागे घ्यायला शीक नीट."

एकदा नव्याने लग्न होऊन आलेल्या मुलीने रडत फोन केला की नवरा दोन दिवस बोलत नाही. ताई म्हणाल्या, "उद्या अमावास्या. तिची ओढ आदल्या दिवसापासून असते. प्रतिपदेला संध्याकाळी बोलेल." मुलीने विचारलं, नाही बोलला तर? "तर मग तो स्वभाव आहे. त्याला मुदत नसते."

एका नर्सचे कागद मंत्रालयात अडकले होते. तिला त्यांनी साडेसातीचा हिशेब करून दिला आणि अजून दोन वर्षं आहेत असं सांगितलं. ती हिरमुसली. "दोन वर्षांचा इकामा मिळाला की पेढे वाटतेस ना?" ताई म्हणाल्या. "मग शनीला दोन वर्षं दिली तर काय झालं?" ती हसली. मला वाटतं, लोक त्या हसण्यासाठीच वर जात.

आणि ती धुळीच्या दिवसांतली संकष्टी. समोरचा समुद्रही दिसत नव्हता, तर चंद्र कुठून दिसणार? आठ-दहा बायका उपाशीपोटी गच्चीवर उभ्या. इमारतीचा रखवालदार, इथे ज्याला हारिस म्हणतात, तो वर आला. आम्ही ईदचा चाँद शोधतो आहोत असं त्या भल्या माणसाला वाटलं आणि तोही आमच्यासोबत आकाशाकडे बघत उभा राहिला. शेवटी ताईंनी निकाल दिला. "धूळ चंद्राच्या खाली आहे. चंद्र आपल्या वेळेवर वर आलेला आहे. चला जेवायला." हारिसला त्यांनी दोन उकडीचे मोदक दिले. दुसऱ्या दिवशी त्याने बाकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात सांगितलं की हिंदी लोकांचा चंद्र सापडला.

माझा नवरा त्यांची थट्टा करायचा. "ताई, माझा शनी सध्या कुठे आहे?"

"समोर बसलाय. पुस्तक वाचतोय." हे माझ्याबद्दल. मी इथल्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल आहे आणि घरीही फार बोलत नाही.

तो हसून हसून बेजार व्हायचा. पुढे काय झालं ते सांगायचं, तर आधी तो किती हसायचा हे सांगावं लागतं.

तो वारला अहमदीत, कामाच्या जागी. दुपारची बाराची वेळ. खुर्चीतच. इस्पितळात नेलं ते कागदासाठी. त्या दिवशी माझ्या घरात सगळ्यात आधी ताई आल्या. माझी बॅग त्यांनी भरली, माझ्या मुलीला, सईला, शाळेतून त्यांनी आणलं, आणि त्यांचे यजमान दोन दिवस कागदांच्या मागे धावले. इथे आपल्या लोकांचं दहन होत नाही. माणसाला घरी न्यावं लागतं. आम्ही त्याला नाशिकला नेलं.

मी नाशिकला असताना ताईंचा फोन आला. मी कशी आहे हे विचारून झालं आणि मग त्या म्हणाल्या, "गुरुजींनी पुतळे केले का गं?"

मला कळलंच नाही. मी दिरांना विचारलं. ते म्हणाले, गुरुजींनी पंचांग पाहिलं, त्याची गरज नाही म्हणाले. मी तसं ताईंना सांगितलं.

"गुरुजींना कुवेतची वेळ काय कळणार," त्या म्हणाल्या. आवाजात काळजी होती. "पंचकात गेलाय गं तो."

ज्यांना हे माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगते. चंद्र शेवटच्या नक्षत्रांमधून जात असतो, ते दर महिन्याचे पाच दिवस म्हणजे पंचक. त्या दिवसांत माणूस गेला तर त्याच्यामागे आणखी पाच जण जातात, अशी समजूत आहे. म्हणून चितेवर त्याच्यासोबत पाच पुतळे ठेवतात, आणि घर काही महिने सोडतात. मृत्यूच्या कागदाची एक प्रत ताईंच्या घरी होती. त्यांनी कागदावरची वेळ वाचली, पंचांग उघडलं आणि पंचक एक वाजून गेल्यावर संपतं असं पाहिलं. माझा नवरा बाराला गेला. म्हणजे पंचकात.

मी परतले तेव्हा इमारतीत सगळ्यांना हे ठाऊक होतं.

पहिला आठवडा कुणी आलं नाही. मला वाटलं, लोक मला वेळ देत आहेत. दुसऱ्या आठवड्यात लिफ्टमध्ये एक बाई माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसल्या आणि पाचव्याऐवजी चौथ्या मजल्यावरच उतरल्या. तिथे त्यांचं काही काम नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या इथल्या दवाखान्यात नोकरी करतात, रोज माणसांच्या छातीला कान लावतात.

"तुला माहितीये, आम्ही असलं काही मानत नाही," त्या म्हणाल्या. "पण सासूबाई आल्यात ना इथे. त्यांचं वय. उगाच त्यांच्या मनाला लागेल. तीन महिने झाले की निवांत येते बघ."

तीन महिने हा त्यांचा आकडा. बँकेतल्या साहेबांच्या घरी पाच महिने धरलं होतं, कारण पंचक म्हणजे पाच. कुणाच्या कोल्हापूरच्या मामांनी सहा सांगितले. एकाने मोबाईलवर बघून सांगितलं, नक्षत्राप्रमाणे मुदत वेगळी असते. मुदतीवर कुणाचं एकमत नव्हतं. न येण्यावर मात्र होतं.

मी पुस्तकांतली बाई. मी शोधलं. जुन्या धर्मग्रंथांचे अर्थ लावणारी पुस्तकं मागवली, वाचली. त्यात शांत सांगितली आहे, एका दुपारी उरकणारी. घर सोडायला सांगितलेलं आहे. माणसांना सोडायला कुठेही सांगितलेलं नाही. ते या इमारतीने आपल्या मनाने घातलं. आणि घरच सोडायचं, तर कोणतं? तो गेला अहमदीत, ऑफिसच्या खुर्चीत. मग अहमदी रिकामं करायला हवं होतं. तिथे दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत दुसरा माणूस बसला आणि ठणठणीत आहे.

हे मानणाऱ्यांवर माझा राग कमी आहे. 'आम्ही मानत नाही, पण' असं म्हणणाऱ्यांवर जास्त आहे. मानणारा निदान कशाला तरी भितो. हे लोक काहीही न मानता भीत होते, आणि त्यांच्या भीतीचं भाडं माझी मुलगी भरत होती.

ताई मात्र येत होत्या. परतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज, ऑफिसातून घरी जाताना. लिफ्ट पाचव्यावर थांबे, घंटा वाजे. दारात त्या क्षणभर डोळे मिटत, ओठ हलत आणि मग आत येत. आल्या की तडक स्वयंपाकघरात. "भात लावते. तू बस." पर्स खांद्यावरच. त्या पर्स काढून ठेवत नसत. मला ते विचित्र वाटे.

पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "मंगफला ओळखीच्यांचा फ्लॅट रिकामा आहे. सहा महिने जा तिकडे. सामान मी लावून देते."

"मी हे घर सोडणार नाही, ताई. त्याचे चष्मे अजून इथे सापडतायत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कुकरची शिटी लावली. पुन्हा तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्या.

हे सगळं मी सहन केलं असतं. मला माणसं कमीच लागतात. पण सई तेरा वर्षांची होती आणि तिला शाळेच्या बसमध्ये कळलं. कुणाच्या तरी आईने घरात बोललेलं कुणीतरी तिथे बोललं. ती घरी आली, दप्तर न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, इट्स फाइव्ह, राइट? बाबांनंतर फाइव्ह?"

मी तिला जवळ घेऊन सांगितलं, हे खोटं आहे. मला जे जे ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. चंद्र म्हणजे काय, नक्षत्रं किती दूर आहेत, दर महिन्याला पंचक येतं आणि त्या दिवसांत जगात किती माणसं जातात, मग जग रिकामं का झालं नाही. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि आत जाऊन नाशिकला आजोबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशीही लावला. रोज शाळेतून आली की आधी आजोबा, मग आजी, मग काका. काय बोलायची? "हॅलो, जेवलात का?" एवढंच. ते जिवंत आहेत की नाहीत हे ती बघत होती. मी कामावरून यायला दहा मिनिटं उशीर केला की ती खाली हारिसपाशी येऊन उभी असायची.

तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचा वाढदिवस होता. ती मैत्रीण केरळची. त्यांना कुणाला हे काही ठाऊक नव्हतं आणि त्यांनी हिला आग्रहाने बोलावलं होतं. ही गेली नाही. मी कारण विचारलं.

"मी तिकडे घेऊन गेले तर?"

तेरा वर्षांच्या मुलीने स्वतःला रोगासारखं दूर ठेवलं होतं. आमच्या इमारतीत दोन डॉक्टर, चार इंजिनियर, एक बँकेचा अधिकारी. त्यांच्यातल्या एकाने येऊन सोफ्यावर बसून चहा घेतला असता, तर जे माझ्या शंभर वाक्यांनी झालं नाही ते झालं असतं. कुणी आलं नाही.

एका शुक्रवारी, भर दुपारी, घंटा वाजली. सुट्टीच्या दिवशी ताई संध्याकाळी येत, म्हणून मला आश्चर्य वाटलं. दार उघडलं तर त्याच. आज डोळे मिटले नाहीत. सरळ आत आल्या, सोफ्यावर बसल्या आणि त्या बाईला मी पहिल्यांदा पर्स काढून बाजूला ठेवताना पाहिलं.

"पंचक नव्हतंच," त्या म्हणाल्या.

मी दार लावून त्यांच्यासमोर बसले.

"सकाळी बाळाची पत्रिका करायला घेतली होती. परवा झालं ना ते, खालच्या मजल्यावरचं. इस्पितळाच्या कागदावरची वेळ बघितली, सवयीने अडीच तास मिळवले, आणि हात थांबला. अगं, तुमच्या कागदावरचे बारा, ते इथले बारा. तिकडे अडीच वाजून गेले होते. पंचक एकला संपलं होतं." त्यांनी मनगट पुढे केलं. "हे घड्याळ तिकडचं. मी रोज यातच बघते, मला मिळवावं लागत नाही. बाळांच्या पत्रिकेला मिळवते, कारण तेव्हा कागदच समोर असतो. त्या दिवशी कागद हातात होता आणि मी रडत होते. मिळवलंच नाही. गुरुजी बरोबर होते. त्यांना फोन गेला तो त्यांच्या घड्याळाने अडीचला गेला."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. त्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या चेहऱ्यावर ती कधी उमटते याची वाट बघत.

मी सहसा मोठ्याने बोलत नाही. त्या दिवशीही बोलले नाही. पण मला माझाच आवाज ओळखीचा वाटला नाही.

"ताई, समजा असतं. पंचक असतं. तर मग हे दोन महिने बरोबर होते?"

"अगं, पण आता तो प्रश्नच उरला नाही."

"तोच प्रश्न आहे. माझा नवरा अडीच तास आधी गेला असता, तर माझ्या मुलीने या घरात एकटीने बसायचं, हे योग्य होतं?"

त्या हळू म्हणाल्या, "मीच सांगितलं होतं सगळ्यांना. तुमच्या घरी लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत, तुम्ही नका जाऊ. मी जाते."

हे मला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे आमच्या दाराला कुलूप तुम्ही घातलंत," मी म्हटलं, "आणि किल्ली तेवढी स्वतःकडे ठेवलीत."

"हो. तसंच झालं म्हण."

"मग सईला सांगा, हे सगळं खोटं आहे म्हणून. अडीच तासांचं नाही. सगळंच खोटं आहे, असं सांगा."

"ते नाही सांगता येणार मला." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "मी मानते गं. पोरीशी खोटं कशी बोलू?"

सई आतल्या दारात उभी होती. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे. तिने ताईंनाच विचारलं.

"सो नोबडी एल्स?"

"नाही बाळा. कुणी नाही. माझी चूक झाली होती."

सईचे खांदे खाली आले. दोन महिने ते वर ओढलेले होते, हे मला ते खाली आल्यावर कळलं. आणि तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी माझा संताप सर्वांत जास्त होता. मी तिला चंद्र समजावला, नक्षत्रं समजावली, आई म्हणून शपथ घेतली. तिला धीर आला तो एका बेरजेने. जो आजार नव्हताच, त्यातून ती बरी झाली, आणि ज्यांनी तो दिला होता त्यांच्याच शब्दाने झाली. हा उपकार आहे की अपमान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सई ताईंच्या शेजारी जाऊन बसली.

"पण मावशी, यू थॉट इट वॉज रिअल ना? तेव्हा?"

"हो."

"मग तुम्हाला भीती नाही वाटायची? इथे यायला?"

"वाटायची की." ताईंनी पदराने नाक पुसलं. "इथून वर गेले की आधी अंघोळ. मग यांच्या खोलीत डोकावायचं, छाती हलतेय ना बघायला. यांची अँजिओप्लास्टी झालीये ना गेल्या वर्षी. इथे वस्तू खाली ठेवायची नाही म्हणून पर्ससुद्धा खांद्यावरच."

"देन व्हाय डिड यू कम?"

"तुझी आई जेवत नव्हती," ताई म्हणाल्या. जणू याहून वेगळं उत्तर असूच शकत नाही, अशा सुरात.

मी म्हटलं, फोन करा सगळ्यांना. इथूनच करा, माझ्यासमोर. त्यांनी केले. सोफ्यावर बसून, एकेका घरी. "मी बोलतेय. माझी चूक झाली. पंचक नव्हतं. अडीच तास मिळवायचे राहिले." दर वेळी तेवढंच, सबब न सांगता. पलीकडचे आवाज मला ऐकू येत होते. "असं होय? बरं झालं बाई. आम्ही येणारच होतो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं यांना, असलं काही नसतं." हे ऐकून ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या दुपारी पहिल्यांदा आम्ही दोघी एकाच गोष्टीवर चिडलो.

दुसऱ्या दिवसापासून डबे आले. इडल्या, छोले, कुणी साबुदाण्याची खिचडी. आधीच्या दोन महिन्यांबद्दल कुणीच बोलत नव्हतं, जणू ते दिनदर्शिकेत नव्हतेच. मी चहा केला, आभार मानले. सई मात्र कुणी बसलं की त्यांच्या चपलांजवळ उभी राहून त्यांच्याकडे बघत राहायची. एका बाईंना ते सोसलं नाही, त्या लवकर उठल्या.

ताईंचा मान त्यानंतर राहिला नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी वेळ सांगितली की मागून एखादा म्हणे, "अडीच तास मिळवलेत ना?" लोक हसत. ज्यांनी एका आकड्यावर विश्वास ठेवून आम्हाला टाकलं, तेच आता त्या आकड्यावर विनोद करत होते. ताईही हसत. 'किती दिवस' असं विचारायला वर जाणारे कमी झाले. सगळे मोबाईलवर बघू लागले. मोबाईल चुकला तर तो हिशेब करून सांगत नाही, रडत तर नाहीच.

त्या पुढेही येत राहिल्या, आता पर्स खाली ठेवून. आमचं त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. मी त्यांना माफ केलं नाही आणि त्यांनी माफी मागितली नाही. चूक झाली एवढं म्हणाल्या, आणि चूक त्यांच्या मते बेरजेत होती. माझ्या मते ती बेरीज करायला बसण्यातच होती. या दोन मतांच्या मध्ये त्यांनी लावलेला भात आम्ही कितीदा तरी जेवलो.

वर्षभराने त्यांच्या यजमानांची नोकरी संपली आणि ती दोघं सांगलीला गेली. जाताना सईला त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला दोन शब्द जास्त बोलायला लाव." मला काहीच म्हणाल्या नाहीत. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत बघत राहिल्या. सातव्या मजल्यावर आता एक सिरियन कुटुंब राहतं.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या इमारतीतल्या एका मराठी घरात मृत्यू झाला. मुलगा इस्पितळात तंत्रज्ञ आहे. त्याचे वडील भेटीला आले होते, ते गेले. बातमी आली आणि पाठोपाठ मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'आज अमावास्या आहे ना? कुणी वेळ पाहिली आहे का?' उत्तर द्यायला ताई नव्हत्या. कुणी काही लिहिलं नाही. पण कुणी निघालंही नाही, हे मला खिडकीतून दिसत होतं.

मी भात लावला, पिठलं केलं. सईला चल म्हटलं नाही. दहावीतली मुलगी, तिला मी काही सांगणार नव्हते. मी डबा बांधेपर्यंत ती बूट घालून दारात उभी होती.

त्या घराचं दार सुनेने अर्धवट उघडलं. डोळे सुजलेले. डबा पाहून तिने हात पुढे केला, पण दार तेवढंच ठेवलं.

"ताई, तुम्ही आत नका येऊ," ती म्हणाली. तिने मला ताई म्हटलं. "दिवस चांगला नाही म्हणतात. तुमच्यासोबत मुलगी आहे."

मी काय बोलावं याचा विचार करत होते. मला नेहमीच वेळ लागतो. तोवर सई माझ्या हाताखालून आत गेली होती. बूट दाराशीच काढलेले, एक आडवा पडलेला. आतून तिचा आवाज आला, एरवी घरात इंग्रजीत बोलणाऱ्या माझ्या मुलीचा, स्वच्छ मराठीत.

"काकू, ताटं कुठे असतात? तुम्ही सकाळपासून जेवला नसाल."